थयथयाट आणि मेल्टडाउन : पडद्यावर होणारी गल्लत

ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, आणि एकांकिकांच्या तालमींना तर सोसायटीचं क्लबहाउससुद्धा चालतं. कथेत ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगा असला की संहितेत कंसात एक ओळ हमखास येते: ‘सोहम अचानक बिथरतो. कान झाकून किंचाळतो.’ पुढचं सगळं नटावर सोडलेलं. त्याला जे ठाऊक असतं ते तो करतो. पाय आपटतो, जमिनीवर अंग टाकतो, मधेच आईकडे बघून आवाज चढवतो. मग डॉक्टर झालेला नट येऊन सांगतो, ‘त्याला मेल्टडाउन झालाय.’ प्रेक्षक बिचारे मान डोलावतात. त्यांनी पाहिलेला असतो थयथयाट.

दोन्हींत रडणं, ओरडणं, आदळआपट असते, म्हणून गल्लत होते. थयथयाट हा हट्टाचा शेवटचा डाव. मुलाला काहीतरी हवं असतं किंवा टाळायचं असतं, आणि ते देऊ शकणारं माणूस समोर असतं. मेल्टडाउनमध्ये मागणीच नसते. आवाज, उजेड, वास, गर्दी, ऐनवेळी बदललेला बेत, न कळलेली सूचना हे दिवसभर साचत जातं आणि कधीतरी ते पेलण्याची ताकद संपते. मग शरीर जिवावर बेतल्यासारखं वागू लागतं. छाती धडधडते, शब्द सुचेनासे होतात, समोरच्याचं बोलणं नुसता गोंगाट म्हणून कानावर आदळतं. हे लहानांनाच होतं असंही नाही. ऑटिस्टिक मोठ्या माणसांनाही होतं, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही. मराठीत याला ‘उद्रेक’ म्हणता येईल, पण उद्रेक म्हटलं की राग आला असं वाटतं, आणि रागाचा इथे फारसा संबंध नाही. म्हणून मेल्टडाउन हाच शब्द ठेवलेला बरा.

वाशीच्या एखाद्या मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानापुढे चार-पाच वर्षांचं पोर भोकाड पसरतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघा. आई कुठे आहे हे ते सारखं तपासत असतं. आई खांबाआड गेली की सूर उतरतो, दिसली की चढतो. अंग टाकतं तेही डोकं सांभाळून. गाडी हातात पडली की हुंदके थांबतात. मिळणारच नाही असं पक्कं कळलं की रडणं थोडं लांबतं, मग विरतं, आणि पोर भेळ खायला तयार. ऑटिस्टिक मुलंही असा हट्ट करतात, बरं का. त्यांच्या प्रत्येक रडण्याला मेल्टडाउन म्हणणं म्हणजे त्यांचं मूलपणच नाकारणं.

आता दुसरा प्रसंग, संहितेत लिहावा तसा. ऑगस्ट 2024. नऊ वर्षांचा सोहम आणि त्याची आई संध्याकाळी सहाला वाशीच्या मावशीकडून ठाण्याला निघालेत. जाताना रिक्षानं गेले होते. ट्रान्सहार्बर लोकलनं तो पहिल्यांदाच येतोय. सकाळी शाळेत कवायतीचा सराव झाला, बिगुल आणि ढोलासकट. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला नाही. हा सगळा मागचा भाग प्रेक्षकाला दिसायला हवा, आणि बहुतेक संहितांत नेमका तोच नसतो.

गाडी सुटते. सोहम आजोबांच्या जुन्या टाइमटेबलातून पाठ केलेली स्टेशनं पुटपुटतोय: सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे. कोपरखैरण्याला गर्दी चढते. कोणाची तरी ओली छत्री त्याच्या पोटरीला चिकटते. एक जण मोबाइलचा आवाज मोठा करून रील बघतोय, डोक्यावरचा पंखा खडखडतोय. सोहमची बोटं आता भराभर हलू लागतात. पुटपुटणं मोठं होतं आणि एकाच नावावर अडकतं, ‘घणसोली, घणसोली, घणसोली.’ थोपवायचं असेल तर ते इथंच. आई पिशवीत हेडफोन शोधते. ते सकाळच्या दप्तरात राहिलेत. रबाळे, ऐरोली. त्याच्या यादीत ऐरोलीनंतर ठाणे. गाडी मात्र दिघा गावला थांबते, कारण हे स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं आणि आजोबांच्या टाइमटेबलात ते नाही.

‘नाही. ऐरोली, ठाणे.’ एक काका हसून म्हणतात, ‘अरे बाळा, नवीन स्टेशन झालंय.’ सोहम तळहातानं स्वतःच्या कानशिलावर मारू लागतो, मनगट चावतो. नजर कोणावरच नाही. आई मोबाइल पुढे करते, तो खाली पडतो. बिस्किटाचा पुडा, तोही पडतो. मागून सल्ला येतो: ‘लाडावून ठेवलंय हो, एक ठेवून द्या, सरळ होईल.’

मग ठाणे येतं. म्हणजे ज्याच्यासाठी ‘हट्ट’ चालला होता ते मिळालं. थयथयाट असता तर इथं संपला असता. सोहम थांबत नाही. फलाटाच्या टोकाला, गर्दी ओसरते तिथं, आई त्याच्याजवळ बसून राहते. वीस-पंचवीस मिनिटांनी अंगाचा थरकाप कमी होतो, मग नुसते हुंदके, मग डोळे मिटायला लागतात. दुसऱ्या दिवशीही तो मरगळलेलाच असतो. डब्यातल्या लोकांनी यातली मधली काही मिनिटंच पाहिली, आणि एका स्टेशनावरून केवढा तमाशा, असं म्हणत ते घरी गेले.

कॅमेराही बहुतेकदा त्या डब्यातल्या लोकांसारखाच वागतो. ‘रेन मॅन’ (1988) या चित्रपटात दोन प्रसंग आहेत, दोन्ही शेजारी ठेवून बघावेत असे. विमानतळावर ऑटिस्टिक रेमंड विमानात बसायला नकार देतो, कुठल्या कंपनीचं विमान कधी पडलं ते सांगत राहतो, भाऊ ओढायला लागल्यावर किंचाळतो. तिथं विषय आहे, नकार आहे, समोर भाऊ आहे, त्यामुळे प्रेक्षक भावाच्या बाजूनं वैतागतो: केवढा हटवादी माणूस! पुढे घरात धुराचा अलार्म वाजतो आणि रेमंड पार बिथरून जातो. इथं कोणाकडे काही मागणं नाही, फक्त असह्य आवाज आहे. मेल्टडाउन समजून घ्यायला हा दुसरा प्रसंग जास्त उपयोगी, आणि आठवणीत मात्र पहिला राहतो. आवाज, उजेड, स्पर्श यांची अतिसंवेदना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये आली ती 2013 च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे या चित्रपटानंतर पंचवीस वर्षांनी.

उलटं उदाहरण ‘द गुड डॉक्टर’ या मालिकेचं. 2019 च्या एका भागात शस्त्रक्रिया विभागातून काढलेला ऑटिस्टिक डॉक्टर शॉन मर्फी वरिष्ठांसमोर ‘मी सर्जन आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ओरडतो. 2023 मध्ये त्याची क्लिप जगभर थट्टेचा विषय झाली. हसणारे सगळेच दुष्ट होते असं नव्हे. एकच वाक्य घोकत राहणं मेल्टडाउनमध्ये खरंच होतं. पण प्रसंगाची रचना हट्टाची आहे: समोर अधिकारी, त्याचा नकार, याची मागणी. त्याआधी काय साचलं ते त्या तुकड्यात कुठंच नाही. नट जीव तोडून मेल्टडाउन करतोय आणि मांडणी थयथयाटाची, मग हसू येतं.

गल्लत निव्वळ कलेपुरती राहत नाही, कारण दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. थयथयाटात वस्तू द्यायची नाही, शांतपणे जवळ थांबायचं, ‘तुला गाडी हवी होती, कळलं मला’ एवढं म्हणायचं आणि प्रेक्षक कमी करायचे. मेल्टडाउनमध्ये दुर्लक्ष केलं तर मूल रस्त्यावर किंवा रुळांकडे धावू शकतं. तिथं आधी जागा सुरक्षित करायची, मग आवाज आणि उजेड कमी करायचा, बोलणं तीन-चार शब्दांवर आणायचं. ‘काय झालं? का रडतोस? सांग ना!’ हे तीन प्रश्न म्हणजे आणखी तीन आवाज. पाणी जवळ ठेवायचं, हातात कोंबायचं नाही. आपटून घेत असेल तर डोक्याखाली ओढणी, पिशवी, जे असेल ते सरकवायचं. त्याच दिवशी उपदेश नाही. नेमकं कुठलं हे ओळखता येत नसेल तर मेल्टडाउन धरून वागावं. चुकलं तर फार तर एक हट्ट पुरवला जाईल.

मिठीचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण पडद्यावर तीच रामबाण असते. संगीत चढतं, आई धावत येऊन घट्ट कवटाळते, दहा सेकंदांत मूल शांत. काहींना घट्ट दाब खरोखर बरा वाटतो, पण तो त्यांनी मागितलेला, ओळखीच्या माणसाचा. ज्याची कातडी आधीच ओल्या छत्रीनं भाजून निघालीय त्याला अचानक मागून पकडणं म्हणजे शेवटची काडी. आणि मिठीपासून दाबून धरण्यापर्यंतचं अंतर फार थोडं आहे. ‘म्युझिक’ (2021) या चित्रपटात ऑटिस्टिक मुलीला जमिनीवर दाबून धरण्याचे प्रसंग मायेचा उपाय म्हणून दाखवले होते. त्यावर ऑटिस्टिक लोकांनी कडाडून टीका केली आणि दिग्दर्शिका सियाला माफी मागावी लागली. पालथं पाडून पाठीवर भार दिला की श्वास कोंडतो; असं धरून ठेवल्यानं माणसं दगावलेली आहेत.

तालमीत सुधारता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. पहिली गोष्ट आवाज. नायकाच्या कानातलं जग दाखवायचं म्हणून एक कर्कश शिट्टी वाजवतात. त्याऐवजी पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचा हॉर्न हे सगळे आवाज संवादाच्याच पातळीला आणून ठेवा. बाकीच्यांचे कान नको ते आपोआप मागे सारतात, याचे सारत नाहीत, हे तेवढ्यानं कळतं. दुसरी नजर: आवेगात असताना नटानं सहकलाकाराकडे बघायचं नाही, एकदाही नाही. थयथयाटाची सवय इतकी मुरलेली असते की सातव्या-आठव्या तालमीतही डोळे आईकडे वळतात. तिसरी गोष्ट वेळ. आवेगाला चाळीस सेकंद आणि लगेच कटनंतर हसरा चेहरा, हे चालणार नाही. उलट करा, आवेग पंधरा सेकंदांचा ठेवा आणि आधीचं साचणं व नंतरची ग्लानी यांना दोन-दोन मिनिटं द्या. शूटिंग असेल तर आणखी एक: ऑटिस्टिक कलाकारच भूमिका करत असेल तर या प्रसंगाचे टेक कमी घ्या, आणि सेटवरचा एक कोपरा दिवे नसलेला ठेवा.

शटडाउन हा याच ओझ्याचा दुसरा चेहरा, आणि त्याला पडद्यावर जवळपास जागाच नाही. तेच साचणं, पण बाहेर फुटण्याऐवजी माणूस बंद पडतो. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, टेबलावर डोकं ठेवून बसून राहतो. शाळेत याला ‘शहाणं मूल’ म्हणतात. नाट्य नसल्यामुळे लेखकालाही त्यात रस वाटत नाही.

सोहमच्या प्रसंगाची कंसातली ओळ आता अशी लिहिता येईल: ‘कोपरखैरण्यापासून बोटांचा वेग वाढत जातो. दिघा गावला पहिला फटका, स्वतःच्या कानशिलावर. आई बोलायची थांबते, खिडकीकडच्या बाजूला उभी राहून गर्दीला पाठ करते. ठाणे आल्यावरही चालूच. डब्यातले दिवे मागे जातात. फलाटाचं टोक. पाण्याची बाटली दोघांच्या मधे, उघडलेली, कोणी हात लावत नाही.’