मोबाइलवर आलेला निकाल आणि तुमचे कागद

(आमच्या दस्तलेखन कार्यालयातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दर आठवड्याला कुणीतरी मोबाइल पुढे करून विचारतं, "सुप्रीम कोर्टाने असं म्हटलंय, खरं का?" बहुतेक वेळा खरंच म्हटलेलं असतं. पण मेसेजमध्ये निकालाची पहिली ओळच येते, 'मात्र'च्या पुढचं गळून गेलेलं असतं. आणि तुमचं काम नेमकं त्या 'मात्र'पाशी अडतं. म्हणून हे पत्रक. आम्ही वकील नाही, दस्त लिहिणारे आहोत. प्रकरण कोर्टात गेलेलं असेल तर इथलं वाचून पवित्रा ठरवू नका, तुमच्या वकिलांना विचारा.

लेकीचा हिस्सा

सगळ्यात जास्त प्रश्न याचेच. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, पण त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्याआधी याच कोर्टाने २०१५ मध्ये 'वडील हयात हवेत' असं म्हटलं होतं, आणि २०१८ मध्ये २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना हिस्सा दिला होता. त्या मधल्या वर्षांत आमच्याकडे रोज भांडणं व्हायची आणि दोन्ही बाजूंकडे सुप्रीम कोर्टाचा निकाल असायचा!

महाराष्ट्राने मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ती गोष्ट डोक्यात पक्की बसल्यामुळे अजूनही लोक सांगतात, "ताईचं लग्न नव्वद साली झालं, तिचा काय संबंध?" संबंध आहे. लग्न कधी झालं यावर आता काही अवलंबून नाही.

आता 'मात्र'. २० डिसेंबर २००४ ही तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. त्यापूर्वी झालेली विक्री, मृत्युपत्राने दिलेली मिळकत आणि नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी या कायद्याने मोडत नाही. खरी अडचण तोंडी वाटणीची. 'थोरल्याने विहिरीकडचं घ्यावं, धाकट्याने ओढ्याकडचं' असं चार माणसांसमोर ठरलं आणि पुढची तीस वर्षं तसंच कसलं, अशी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत. कोर्ट म्हणतं, नुसत्या साक्षीपुराव्यावर अशी वाटणी मानली जाणार नाही. मानायचीच तर अपवाद म्हणून, तीही सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच. तुमचा कागद तेवढा भक्कम आहे का, हे आम्ही टेबलावर बसून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही.

हे सगळं वडिलोपार्जित मिळकतीचं झालं. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतात, मुलालाही आणि मुलीलाही.

हक्कसोडपत्राबद्दल (म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) आमची एक पद्धत सांगून ठेवतो, काहींना ती आवडत नाही. बहिणीची सही घेण्याआधी आम्ही तिला एकटीला बसवून दस्त वाचून दाखवतो आणि हिस्सा अंदाजे किती होतो तेही सांगतो. भाऊबीज उरकून थेट गाडीत बसवून आणलेल्या बहिणीला आपण कशावर सही करतोय हे ठाऊक नसतं, असं बरेचदा दिसलं आहे. ऐकून घेऊन ती आनंदाने सही करत असेल तर आमचं काही म्हणणं नाही.

मुलाच्या नावे बक्षीसपत्र

राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा-मुलगी, नवरा-बायको किंवा नातवंडांना बक्षीस द्यायची तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा). स्वस्त म्हणून लोक घाईने करून टाकतात. पुढे सूनबाईशी पटत नाही, वरच्या खोलीचा जिना बंद होतो, आणि मग मेसेज येतो : 'मुलांनी सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द, सुप्रीम कोर्टाचा निकाल!'

तो निकाल २ जानेवारी २०२५ चा. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं होतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली (सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत घेण्याची तरतूद) तिने दाद मागितली. खालच्या अधिकाऱ्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा आईच्या बाजूने कौल दिला. दस्त तर रद्द झालाच, शिवाय गरज असेल तेव्हा या कायद्याखालचं न्यायाधिकरण ताबाही परत मिळवून देऊ शकतं, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

मात्र त्या आईकडे कागद होता. मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख दस्तात होता आणि सेवा करण्याचं वेगळं वचनपत्रही होतं. (वचनपत्र बनावट आहे, असं मुलाचं म्हणणं होतं.) याउलट डिसेंबर २०२२ च्या निकालात याच कोर्टाने सांगितलं होतं की सांभाळण्याची अट होती हे मांडायला आणि सिद्ध करायला हवं. प्रेमाने दिलेल्या प्रत्येक मिळकतीमागे अशी अट गृहीत धरता येत नाही.

तेव्हा बक्षीसपत्र करणारच असाल तर अट दस्तातच घाला : जेवणखाण, औषधपाणी, हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क. "मुलाला वाईट वाटेल" म्हणून पुष्कळ जण हा मजकूर गाळायला सांगतात. आमचं मत विचाराल तर एवढ्या ओळीने ज्याला वाईट वाटतं त्याला बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र करावं. ते हयातीत कधीही बदलता येतं. आपल्याकडे कलम २३ चा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

नाव लागलं म्हणजे मालकी आली?

नाही. सातबाऱ्यावरचा फेरफार (नाव बदलल्याची नोंद) महसुलासाठी असतो, त्यातून मालकी येत नाही, हे ६ सप्टेंबर २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितलं आहे. मृत्युपत्रावर वाद असेल तर तलाठी कार्यालयात खेटे न घालता दिवाणी कोर्टात जा. नॉमिनीचंही तसंच. शेअर आणि म्युच्युअल फंडावरचा नॉमिनी मालक ठरत नाही, पैसा वारसांचा, असं १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात आहे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण वारसांचा हक्क त्याने बुडत नाही.

नोटरीसमोरचं साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) घेऊन 'प्लॉट माझा झाला' म्हणणाऱ्यांसाठी २०११ चा सूरज लॅम्प निकाल आहे आणि १ नोव्हेंबर २०२३ ला तोच मुद्दा पुन्हा आला : नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी नाही. नोटरीचा लाल शिक्का कितीही मोठा असला तरी!

टेम्पो आणि टपरी

हे आमचं काम नव्हे, पण विचारतात म्हणून. ६ नोव्हेंबर २०२४ च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या परवान्यावर भारासह ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. परवान्यावर मालवाहू वाहनाची वेगळी नोंद नाही म्हणून विमा कंपनीने दावा नाकारू नये. ज्वालाग्राही किंवा धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांचे नियम मात्र वेगळे.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालाने बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. ती रस्ता, फूटपाथ, रेल्वेची जागा किंवा नदी-तलावावरच्या बांधकामाला लागू नाही. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवाल्यांनी तो निकाल दाखवून उपयोग नाही.

येताना काय आणायचं

चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जुने फेरफार, आधीचा दस्त असल्यास इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा), आणि घरातल्या सगळ्यांची नावं, वारलेल्यांची तारखांसह. बहिणींची नावं 'नंतर घालू' म्हणून सोडू नका. शंभराचा स्टँप आणू नका, ऑक्टोबर २०२४ पासून त्या कामांना ५०० चा लागतो.

जाता जाता, १४ मे २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात तक्रार चालणार नाही. तो निकाल वकिलांपुरता आहे. आमची पावती जपून ठेवा.