मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हाचा संतोष करंडक

१९५७-५८ च्या संतोष करंडक या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हैदराबादने मुंबईला ३-१ असं हरवलं. स्पर्धेचं ते चौदावं पर्व आणि यजमानही हैदराबादच. विजेत्यांच्या यादीत ही एका ओळीची नोंद आहे. मराठवाड्यात मात्र ती त्या वेळचा नकाशा शेजारी ठेवून वाचावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे त्या अंतिम सामन्यात आपलं कालचं राज्य आणि आजचं राज्य एकमेकांसमोर उभं होतं.

राज्यच उरलं नव्हतं, तरी त्या नावाचा संघ मैदानात कसा? कारण संतोष करंडकात संघ उतरवते ती संघटना, सरकार नव्हे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला आणि १९४१ मध्ये ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. करंडकाला नाव मिळालं ते बंगालमधल्या संतोष जमीनदारीच्या महाराजांवरून; ते ठिकाण आज बांगलादेशात आहे. पहिल्या वर्षी बंगालने दिल्लीला ५-१ ने हरवलं. महासंघाशी संलग्न असलेल्या संघटना त्या काळी प्रांत, संस्थानं आणि मोठ्या शहरांभोवती उभ्या राहिलेल्या होत्या. सैन्यदलाचाही वेगळा संघ असे, आजही असतो. राज्यांच्या सीमा एका रात्रीत बदलल्या, पण संघटनांची घटना, सभासद क्लब आणि निवड समित्या तशाच राहिल्या. फुटबॉलमधलं हैदराबाद म्हणूनच नकाशावरच्या हैदराबादपेक्षा जास्त टिकलं.

आणि ते हैदराबाद साधं नव्हतं. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते, आणि पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईतला रोव्हर्स करंडक जिंकला. १९५० चा ड्युरँड करंडकही त्यांचाच. रहीम यांच्या पद्धतीतली एक गोष्ट आजच्या शालेय प्रशिक्षकांनी जशीच्या तशी उचलावी अशी आहे. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या आणि फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा ते भरवत. चेंडू पायात ठेवायचा नाही म्हटल्यावर तो येण्याआधीच मान वर करून साथीदार शोधावा लागतो. ही सवय नुसतं सांगून लागत नाही. या काळातले खेळाडू तुलसीदास बलराम हे सिकंदराबादचे. १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही विजेत्या संघांत ते होते.

१९५६-५७ च्या अंतिम सामन्यातही समोर मुंबईच होती. तो सामना १-१ असा सुटला, फेरसामना झाला आणि हैदराबादने तो ४-१ ने घेतला. पेनल्टी शूटआउटला नियमांत जागा मिळाली ती १९७० मध्ये. त्याआधी बाद पद्धतीत बरोबरी म्हणजे जादा वेळ, तरीही निकाल नाही तर फेरसामना. फेरसामना कार्यक्रमपत्रिका कशी बिघडवतो हे स्पर्धा भरवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको: मैदान पुन्हा लागतं, पंच आणि निवास एक दिवस वाढतात, आणि दमलेल्या संघाला पुढच्या फेरीत ताज्या संघाशी खेळावं लागतं. त्यामुळे राखीव दिवस आधीच धरलेला नसेल तर सगळं कोलमडतं.

दुसरी अडचण बायची, म्हणजे पहिल्या फेरीत न खेळताच पुढे जाणाऱ्या संघांची. बाद पद्धतीत एकूण सामने संघांपेक्षा एक कमी. १३ संघ असतील तर १२ सामने. तेच साखळीत ७८. संघसंख्या ८, १६, ३२ अशी नसेल तर पुढच्या अशा आकड्यातून ती वजा करायची, उरतील तितके बाय. १३ संघांना ३ बाय. भाग्यपत्रिकेच्या, म्हणजे सामन्यांच्या तक्त्याच्या, वरच्या अर्ध्यात ७ संघ, खालच्या अर्ध्यात ६. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला. मग पहिल्या फेरीत वर ३ आणि खाली २ सामने होतात आणि दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे नेमके चार-चार संघ उरतात. चुकून तिन्ही बाय वरच्या अर्ध्यात पडले तर वर ५ आणि खाली ३ संघ येतात, आणि भाग्यपत्रिका पुन्हा काढावी लागते. राज्यस्तरीय शालेय स्पर्धेला आठ विभागांचे आठ संघ येतात, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर हे त्यातले आपले दोन. तिथे बायचा प्रश्नच येत नाही, सात सामन्यांत स्पर्धा संपते.

मराठवाड्यातल्या कॉलेजच्या खेळाडूची स्थिती १९५७-५८ च्या त्या हंगामात आणखी विचित्र होती. मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं २३ ऑगस्ट १९५८ ला. तोवर इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडेच होती. राज्य मुंबईचं आणि विद्यापीठ हैदराबादचं. औरंगाबादच्या पोराला आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं तर उस्मानियाच्या संघात जागा मिळवायची. तिकडे जायला गाडीही सोयीची: मनमाडहून निघालेली मीटरगेज औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड घेत थेट सिकंदराबादकडे जायची. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून ब्रॉडगेज पकडावी लागे. कागदावरचं राज्य बदललं तरी खेळाडूचा रस्ता लगेच का बदलला नसावा, हे मनमाडच्या त्या फलाटावरून नीट कळतं.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६३-६४ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने आंध्र प्रदेशला १-० ने हरवलं, आणि दोन वर्षांनी आंध्र प्रदेशने बंगालला हरवून करंडक नेला. जुन्या याद्या चाळताना एक पथ्य पाळावं: मुंबई नावाने १९५४ मध्ये मिळवलेलं विजेतेपद महाराष्ट्राच्या खात्यात धरलं जातं, तर हैदराबादची दोन विजेतेपदं काही याद्यांत स्वतंत्र दिसतात, काहींत आंध्र प्रदेशच्या नावापुढे.