तोंड खाली, डोळे वर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे मुशी, म्हणजे छोटा शार्क, यायची. मुंबईहून, फॉर्मलिनमध्ये बुडवलेली, निळ्या पिंपातून. तोवर आम्हा नागपूरच्या पोरांना मासा म्हणजे रोहू, कतला आणि फार तर टोपल्यात वळवळणारी मरळ. समुद्राशी आमचा संबंध नाहीच. सगळ्यात जवळचा समुद्रही मुंबईचा नव्हे, आंध्रचा, आणि तोही साडेपाचशे किलोमीटरच्या पलीकडे.

त्या मुशीच्या नाकाडावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं असत. चिमटीत दाबलं की त्यातून पारदर्शक जेली बाहेर यायची. मग कातडी सोलून खालच्या जेलीभरल्या नळ्या सुईने उचलायच्या, स्लाइडवर ठेवायच्या आणि वहीत आकृतीखाली लिहायचं, ‘अँप्युला ऑफ लॉरेन्झिनी’, म्हणजे लॉरेन्झिनीच्या कुप्या. “पोट्टेहो, हळू दाबा, डोळ्यात उडंल,” असं लॅबवाले काका दर वेळी ओरडायचे. या नळ्यांचं काम काय, तर आमच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहिलं होतं, ‘तापमान ओळखणे’. आम्ही ते घोकलं, मार्क घेतले. ती ओळ तेव्हाच शिळी झालेली होती, हे फार उशिरा कळलं. आणि ती शिळी ठरवण्यात मुशीच्या बरोबरीने तिच्या एका चपट्या भाऊबंदाचा हात होता: स्केट.

कोकणात पाकट खाल्लेल्यांना स्केटचा आकार लगेच कळेल. तीच पतंगासारखी चपटी ठेवण, तीच मागे लोंबणारी शेपटी, हाडांच्या जागी तोच कूर्चेचा सांगाडा. पण पाकटाच्या शेपटीतला विषारी काटा स्केटला नसतो, आणि पाकट पिल्लं घालतं तर स्केट अंडी. युरोपच्या किनाऱ्यावरची ओळखीची जात म्हणजे थॉर्नबॅक स्केट. पाठीवर आणि शेपटीवर बाभळीसारखे काटे, लांबी साधारण मीटरभर. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘राजा क्लाव्हाटा’. आपल्या राजाशी त्याचा काही संबंध नाही, लॅटिनमध्ये या माशालाच ‘राजा’ म्हणतात. राहणीमान तर अजिबात राजेशाही नाही. नॉर्वेपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, भूमध्य आणि काळ्या समुद्रातही, ती तळाच्या चिखलात, वाळूत, बारीक खड्यांत अंग पुरून पडलेली असते. बहुतेक वेळा १० ते ६० मीटर खोलीवर, कधी ३०० मीटरपर्यंत. खाणं म्हणजे खेकडे, कोळंबी, लहान मासे.

आता तिची अडचण पाहा. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे. श्वासाचं पाणीसुद्धा ती डोळ्यांमागच्या दोन भोकांतून वरूनच घेते, नाहीतर प्रत्येक श्वासाला घशात वाळू जाईल. म्हणजे खेकडा लांब असताना तिला दिसू शकतो, पण ती त्याच्यावर जाऊन बसली की तिच्याच अंगाखाली तो दिसेनासा होतो. शेवटची वीतभर शिकार आंधळी. आणि जेलीची ती छिद्रं सगळ्यात दाट कुठे असतात? पोटाच्या बाजूला, तोंडाभोवती.

फ्लोरेन्सच्या स्टेफानो लॉरेन्झिनीने या कुप्यांचं वर्णन १६७८ मध्ये केलं. त्यांचा उपयोग कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. तापमान, दाब, स्पर्श, सगळे अंदाज झाले. शेवटी १९६० च्या दशकात हॉलंडमध्ये एड्रियानस काल्माइन या संशोधकाने थॉर्नबॅक स्केटच्या हृदयाचे ठोके मोजायला घेतले. पाण्यात अगदी क्षीण विद्युतक्षेत्र सोडलं की ठोके मंदावत, म्हणजे त्या कुप्यांना वीज कळत होती. सेंटिमीटरला ०.०१ मायक्रोव्होल्ट एवढ्यावरसुद्धा. हा आकडा असा पचत नाही, म्हणून हिशोब करून पाहिला. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याचं एक टोक नागपुरात, दुसरं सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरवर, म्हणजे जवळपास श्रीनगरला, आणि मधे सगळा समुद्र आहे असं समजा. मधल्या पाण्यात प्रत्येक सेंटिमीटरला जेवढा फरक पडेल, तेवढा हिला कळतो.

१९७१ चा त्याचा प्रयोग मला त्याहून आवडतो, कारण तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर होण्यासारखा आहे. वाळूखाली जिवंत मासा पुरला, स्केटने आणि छोट्या मुशीने शोधला. मग तो मासा अगारच्या कोठडीत ठेवला. अगार म्हणजे आपलं चायना ग्रास. त्यातून वास येत नाही, वीज मात्र जाते. तरी शिकार अचूक. अगारवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घातला, वीज अडली, आणि शिकारी वरून निघून गेला. शेवटी मासाच काढून टाकला आणि वाळूत दोन इलेक्ट्रोड पुरले. त्यांनी तेही उकरले. जिवंत शरीर खाऱ्या पाण्यात बसलं की त्याच्याभोवती वीज झिरपतेच. कल्ल्यांची उघडझाप झाली की ती कमीजास्त होते. खेकडा कितीही गप्प राहिला तरी हे थांबवणं त्याच्या हातात नाही.

त्या जेलीचं कौतुक तर २०१६ मध्ये पुन्हा झालं. स्केट आणि मुशीच्या कुप्यांतली जेली तपासली, तेव्हा तोवर माहीत असलेल्या कुठल्याही जैविक पदार्थापेक्षा तिच्यातून प्रोटॉन जास्त सहज वाहतात असं दिसलं. आम्ही ती रुमालाला पुसत होतो.

हीच विद्या उलट बाजूनेही, म्हणजे शिकाऱ्यापासून लपायलाही, चालते. मादी काळपट, चौकोनी, चार कोपऱ्यांना शिंगं असलेल्या कातडी पाकिटात अंडं घालते. रिकामी पाकिटं वाहून किनाऱ्याला लागतात, तिकडे त्यांना जलपरीचा बटवा म्हणतात. आत पिल्लू बलकावर चार-पाच महिने वाढतं. अर्ध्या वाटेवर शिंगांना चिरा पडतात, आणि पिल्लू आपली शेपटी एका शिंगात घालून सारखी हलवत राहतं, म्हणजे ताजं पाणी आत येतं. या हालचालीनेच त्याचा पत्ताही बाहेर कळतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या क्लिअरनोज स्केटच्या अशा पिल्लांवर १९९८ मध्ये प्रयोग झाला. पाण्यात मोठ्या माशाच्या श्वासासारखं संथ, लयीतलं विद्युतक्षेत्र सोडलं. पाकिटात बंद, बाहेरचं काही न पाहिलेलं पिल्लू शेपटी हलवायचं थांबलं.