नैराश्य : दाह आणि लैंगिक संप्रेरकांचा संबंध

नैराश्य हा मनाचा आजार म्हणून ओळखला जातो. मात्र काही रुग्णांत रोगप्रतिकार यंत्रणेने धुमसत ठेवलेला दाह (इन्फ्लमेशन) आणि लैंगिक संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) चढउतार या आजाराला हातभार लावतात, असे दाखवणारे बरेच पुरावे आता उपलब्ध आहेत. हे दोन धागे एकमेकांत गुंतलेलेही आहेत.

नाशिकच्या पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुन्याने अंथरूण धरलेल्या माणसाला दाहाचा मनावरचा परिणाम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंगात कणकण असते, अन्नावरची वासना उडते, झोप विसकटते, कोणी भेटायला आले तरी नकोसे वाटते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही त्यांतली महत्त्वाची. त्यांचा निरोप रक्तातून आणि पोट-छातीला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू माणसाला सक्तीने विश्रांती घ्यायला लावतो. याला ‘आजारी वर्तन’ म्हणतात. ताप उतरला की ते सहसा ओसरते. संधिवात, मधुमेह, लठ्ठपणा, हिरड्यांचा जुना आजार, धूम्रपान, अपुरी झोप किंवा वर्षानुवर्षांचा ताण यांमुळे मात्र दाह मंद आचेवर चालूच राहू शकतो. तो बाहेरून दिसत नाही. थकवा, निरुत्साह, कशातच जीव न रमणे ही त्यातून येणारी लक्षणे नैराश्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की दोन्हींतली रेषा अनेकदा पुसट होते.

याचा सर्वांत ठोस पुरावा एका औषधातून मिळाला. हेपॅटायटिस-सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने दीर्घकाळ दिली जात. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत या रुग्णांपैकी मोठ्या गटाला, साधारण चौघांतल्या एकाला, नैराश्याने गाठले. यामागची एक वाट रसायनशास्त्राने उलगडली आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन बनवते. दाह वाढला की तेच ट्रिप्टोफॅन किन्युरेनिन नावाचे दुसरे द्रव्य बनवण्याच्या मार्गाकडे वळते आणि त्यातून तयार होणारी काही द्रव्ये चेतापेशींना त्रासदायक ठरतात. तरीही सगळे नैराश्य दाहातून येते असे म्हणणे चूक ठरेल. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांच्याच रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) हे दाहाचे मोजमाप ठळकपणे वाढलेले आढळते. शिवाय साध्या सर्दी-खोकल्यानेही ते वाढते. म्हणून निव्वळ रक्ततपासणीवरून नैराश्याचे निदान होत नाही.

लैंगिक संप्रेरकांची बाजू वयात येण्यापासून दिसू लागते. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचे प्रमाण फारसे वेगळे नसते. पौगंडावस्थेनंतर ते स्त्रियांत जवळजवळ दुप्पट होते आणि बरीच वर्षे तसेच राहते. घरकामाचा भार, हिंसा, पैशावर नसलेला हक्क यांचा यात मोठा वाटा आहे. सगळा दोष संप्रेरकांवर ढकलून या गोष्टी नजरेआड करणे हा त्या स्त्रियांवर अन्याय आहे. शरीराचा वाटाही खराच. इस्ट्रोजेन हे स्त्रियांतले प्रमुख लैंगिक संप्रेरक सेरोटोनिनच्या कामावर परिणाम करते. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकापासून बनणारे ॲलोप्रेग्ननोलोन हे द्रव्य मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या व्यवस्थेला बळ देते. पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक फार कमी झाले तर मरगळ आणि उदासी येऊ शकते. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगासाठी हे संप्रेरक मुद्दाम रोखले जाते, तेव्हा डॉक्टरांना रुग्णाच्या मनःस्थितीकडेही लक्ष ठेवावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. संप्रेरक ‘जास्त’ की ‘कमी’ एवढाच हा प्रश्न नाही. चढउताराला त्या व्यक्तीचा मेंदू कसा प्रतिसाद देतो हे कळीचे आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १६ स्त्रियांना गरोदरपणासारखी संप्रेरकपातळी औषधांनी आणून ती एकदम काढून घेण्यात आली. आधी बाळंतपणानंतर नैराश्य येऊन गेलेल्या ८ जणींपैकी ५ जणींचे मन पुन्हा खालावले. तसा पूर्वेतिहास नसलेल्या ८ जणींपैकी एकीचेही नाही.

बाळंतपणानंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने कोसळतात. त्याच वेळी गरोदरपणी बदललेली रोगप्रतिकार यंत्रणाही पूर्वपदावर येऊ लागते. नाशिककडे पहिलटकरीण माहेरी येते, सव्वा महिना शेक-मालीश होते, डिंकाचे लाडू आणि अळीवाची खीर होते. या काळजीचे मोल कमी नाही. पण तिच्या डोळ्यांतले पाणी थांबत नसेल, तर ‘बाळ सुखरूप झालंय, आता रडायला काय झालं?’ या प्रश्नाने ती आणखी गप्प होते. पहिल्या काही दिवसांतली रडवेली अवस्था सहसा दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढे उदासी टिकली तर तो आजार समजून उपचार करावेत. ॲलोप्रेग्ननोलोनच्या याच धाग्यावरून अमेरिकेत २०१९ मध्ये ब्रेक्सॅनोलोन या औषधाला आणि २०२३ मध्ये झुरॅनोलोन या गोळीला बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली.

पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षेही अशीच जोखमीची असतात. काहींची पाळी शस्त्रक्रियेने अचानक जाते. अशा बायका ‘पिशवी काढली’ एवढेच सांगतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही (ओव्हरी) काढले का, हे त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. मनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे दोन्ही बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता एका दिवसात तुटते. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

दोन्ही धागे एकत्र येतात ते असे : निरोगी स्वयंसेवकांत जिवाणूजन्य द्रव्याची सूक्ष्म मात्रा टोचून तात्पुरता दाह निर्माण केला असता मन खालावते, आणि काही प्रयोगांत ते स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक खालावलेले दिसले. टेस्टोस्टेरॉन सामान्यतः दाह आवरते. इस्ट्रोजेन मात्र प्रमाण आणि परिस्थितीनुसार तो शमवतेही आणि वाढवतेही. उपचारांत यातून सरसकट लाभ अजून झालेला नाही. टीएनएफला रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची नैराश्याच्या ६० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एकूण गटाला फायदा झाला नाही. ज्यांचे सीआरपी मुळात जास्त होते त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली.

पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणारी स्त्री डॉक्टरांसमोर ‘मन उदास आहे’ असे क्वचितच म्हणते. ती ‘अंग दुखतं, झोप नाही, कामात लक्ष लागत नाही’ म्हणते. तिच्या हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासणीबरोबर पाळी, बाळंतपण आणि मन यांचीही विचारपूस व्हायला हवी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. स्त्रीरोग आणि मनोविकार हे विषय एकत्र शिकवण्याची सुरुवात याच गावातून व्हावी, असे वाटते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता तेथे फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. पाळीआधीच्या तीव्र उदासीचे निदान करायला डॉक्टरांना सलग दोन पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदी लागतात. त्यासाठी वेगळी वही नको : स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाळीच्या तारखेला एक खूण आणि मन बुडालेल्या दिवसांना दुसरी, एवढे केले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते.