गोनोसेफॅलम

ढालपंखी कीटकांच्या (कोलिऑप्टेरा गण) टेनेब्रिओनिडी कुलातील, मातीत राहणाऱ्या भुंगेऱ्यांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट). सोलिए यांनी १८३४ मध्ये तिला हे नाव दिले. या कुलात २०,००० हून अधिक जाती आहेत. पिठाच्या डब्यातला तांबडा भुंगेरा याच कुलातला. त्याच्यावर जगभर संशोधन झाले, शेतातल्या या भाऊबंदाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. आशियातील जातींचा मोठा आढावा हंगेरीचे झोल्टान कासाब यांनी १९५२ मध्ये घेतला. जाती एकमेकींसारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायला बहुधा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात.

बेळगाव सीमाभागात हा भुंगेरा शोधायचा तर दिवसा ढेकळांखाली, धसकटांच्या बुडाशी किंवा शेणखताच्या ढिगाकडेला पाहावे. पाठीवरच्या बारीक केसांत माती अडकते. त्यामुळे खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत तो तांबूस, तर निपाणीच्या काळ्या रानात काळपट दिसतो. हात लावला की पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो.

एरवी तो कुजका पालापाचोळा खातो. पेरणीनंतर पावसाने उघडीप दिली आणि उगवण रेंगाळली, की प्रौढ भुंगेरे कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतात. अळ्या रुजते बी आणि मुळे खातात. अळी पिवळसर, कडक, लांबट आणि गोल अंगाची असते. माती उकरणारे पुढचे पाय इतर पायांपेक्षा दणकट असतात. पांढरी, मऊ, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली हुमणी ती नव्हे.

रोप कापलेले दिसले की दोष वाणी या अनेक पायांच्या किड्यावर जातो, किंवा दिसेल त्या काळ्या किड्यावर औषध मारले जाते. हे टाळायलाच हवे, कारण शेतातले चपळ, काळे कॅराबिड भुंगेरे पिकावरच्या अळ्या खाणारे, आपल्या उपयोगाचे असतात. भिंगातून पावलांची पेरे मोजावीत. कॅराबिडच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात. गोनोसेफॅलमच्या पुढच्या चार पावलांना पाच, पण मागच्या दोन पावलांना चारच. शिवाय त्याच्या डोक्याची कड डोळ्यात खोलवर शिरलेली असते.

पेरणीआधी अंदाज घ्यायचा असेल तर भिजवलेले ज्वारी किंवा मक्याचे दाणे मूठ-मूठभर शेतात चार-सहा जागी उथळ पुरावेत, खूण करून ठेवावी आणि आठवड्याभराने तिथली माती चाळून अळ्या मोजाव्यात.