गर्भपाताचा कायदा आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा: गल्लत नेमकी कुठे होते?

सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकताच ‘गर्भलिंगनिदान करणे कायद्याने गुन्हा आहे’ असा फलक समोर दिसतो. तो वाचलेल्या अनेकांच्या मनात मात्र ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ एवढेच ठसलेले असते. हे दोन वेगवेगळे कायदे आहेत, आणि त्यांच्या सरमिसळीची किंमत बाईलाच मोजावी लागते.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 चा. त्यानुसार नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरकडून, मान्यताप्राप्त ठिकाणी, ठरावीक कारणांसाठी गर्भपात करून घेता येतो. गर्भधारणेमुळे बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका असणे, गर्भात गंभीर व्यंग असण्याची शक्यता असणे, बलात्कारातून गर्भ राहणे आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे ही ती कारणे होत. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान नियमांत सांगितलेल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांपर्यंतची ही तरतूद लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. संमती फक्त त्या स्त्रीची लागते. ती 18 वर्षांखालील असेल तर पालकाची. ‘आधी नवऱ्याची सही आणा’ असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, पण कायदा ती मागत नाही.

दुसरा कायदा गर्भपाताविषयी नाहीच. तो पोटातल्या बाळाचे लिंग शोधण्याविषयी आणि निवडण्याविषयी आहे. गर्भजलपरीक्षेचा गैरवापर वाढला तेव्हा महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वप्रथम असा कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला आणि 2003 पासून त्यात गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचाही समावेश झाला. गरोदरपणातील सोनोग्राफीला येथे बंदी नाही. बाळाची वाढ, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण, व्यंग हे सारे पाहता येते, किंबहुना पाहायलाच हवे. त्या वेळी ‘एफ’ फॉर्म भरला जातो; त्यात आपल्याला बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे गर्भवती लिहून देते, आणि आपण ते शोधले नाही व कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितले नाही असे डॉक्टर लिहून देतात. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द फार विचारपूर्वक योजलेले आहेत. मुलगा किंवा मुलगी हा शब्दही न उच्चारता ‘पेढे वाटा’ किंवा ‘जिलेबी आणा’ एवढे सुचवणे हासुद्धा गुन्हाच ठरतो. डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लिंग जाणून घेऊ पाहणाऱ्या नवऱ्याला व सासरच्यांनाही. बाईवर मात्र घरच्यांनी बळजबरी केली असावी असेच न्यायालय गृहीत धरते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या घरांत निर्णय कोण घेते, हे ओळखूनच ही तरतूद केलेली दिसते.

हा कायदा किती गरजेचा आहे, हे जनगणनाच सांगते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 उरल्या. बीड जिल्ह्यात तर केवळ 807. म्हणून लिंगनिदानावरची कारवाई कठोरच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या कारवाईचा रोख चुकून गर्भपातावर वळतो, आणि त्यात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाचा मोठा वाटा आहे. तो शब्द लिंगनिदानापेक्षा गर्भपातालाच हत्या ठरवतो. ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द गुन्ह्यावर नेमके बोट ठेवतो. गर्भपाताच्या गोळ्यांचेच पाहा. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची आहे, तर सोनोग्राफीत लिंग साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या सुमारास ओळखू येऊ लागते, म्हणजे गोळ्या घेणाऱ्या बाईला सोनोग्राफीतून बाळाचे लिंग कळलेले असण्याची शक्यताच नसते. तरीही कारवाईच्या धास्तीने अनेक औषध दुकानदार या गोळ्या ठेवत नाहीत, आणि डॉक्टरची चिठ्ठी हातात असूनही बाईला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरावे लागते. तेवढ्यात नववा आठवडा उलटतो, आणि गोळ्यांनी झाले असते ते पिशवी मोकळी करण्यापर्यंत जाते.