उपग्रहाला शेताखालचं पाणी दिसतं का?

‘उपग्रहाच्या नकाशात जमिनीखालचं पाणी दिसतं, तिथेच बोअर मारा,’ असा मेसेज निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. कोरड्या बोअरचं कर्ज डोक्यावर असलेल्याला तो आधार वाटणारच.

पण उपग्रहाचा कॅमेरा पृष्ठभागच टिपतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रह भूजलातला चढउतार ओळखतात, तोही शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे जोडून बघायच्या प्रणालीत, उतार, ओढे, खडक, माती असे थर एकावर एक ठेवून पाण्याची शक्यता रंगांनी दाखवतात. शक्यता, पाणी नव्हे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरात साठतं. दहा पावलांवर चित्र पालटतं.

नकाशाची रंगसूची वाचा. तिथे ‘उत्तम, मध्यम, कमी’ असे वर्ग असतात. किती फुटांवर पाणी, ते नसतं. मग मे महिन्यात आसपासच्या चार विहिरींत दोरीला दगड बांधून सोडा, पाणी किती खाली आहे ते मोजा आणि रंगाशी ताडून बघा.

बंधारा, चर कुठे घ्यायचे हे ठरवायला हा नकाशा खरोखर मोलाचा आहे. बोअरआधी मात्र भूजलतज्ज्ञाकडून जागेवर तपासणी करून घ्या.